लेबलावर ज्वारी कुठं आहे?



फवारणीच्या औषधाला मंजुरी देते ती १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालची नोंदणी समिती. तिचं कार्यालय फरिदाबादला. अर्जाचा निकाल १२ महिन्यांत द्यावा, फार तर आणखी ६ महिने घ्यावेत, असं कायदा सांगतो. अर्जाची फी किरकोळ. खरा पैसा जातो चाचण्यांत: कीड मरते का, पिकात विषाचा अंश किती उरतो. अन् त्या पीकवार द्याव्या लागतात.

इथंच घोडं पेंड खातं. बोंडअळीसाठी कंपन्या खर्च करतात, कारण कापसावर औषध खपतं. ज्वारीच्या खोडमाशीसाठी कोण करणार? मग दुकानदार कापसाचाच डबा हातात ठेवतो. पण ज्वारी आपण खातो, कडबा बैल खातात. फवारणीनंतर किती दिवस थांबायचं, हे कापसाच्या लेबलावरून कसं कळावं? अन् पीक करपलं तर भरपाई कुणाकडे मागायची?

मंजुरी घाईनं द्या, असं मी म्हणणार नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. कोरडवाहू पिकांच्या चाचण्या सरकारनं आपल्या खर्चानं कृषी विद्यापीठांकडून करून घ्याव्यात, एवढा ठराव आज मांडतो. ज्यांचा विरोध असेल त्यांनी आत्ताच बोलावं.