काचेवरचा लेप आणि उन्हाचा ताप

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



शिरूर-दौंडच्या वाटेवर विहिरींशेजारी आणि घरांच्या छपरांवर सोलर पॅनेल आपण पाहिली असतील. केंद्राची कुसुम योजना २०१९ साली व राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना २०२४ साली आली. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीसच्या पुढे जातो. मग मनात शंका येते : एवढ्या तापात काचेवरचा लेप टिकेल का?

हा लेप कशासाठी? साध्या काचेवर ऊन पडले की तिच्या वरच्या पृष्ठावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. तो आत जावा म्हणून काचेवर सिलिकाचा, म्हणजे वाळूतल्याच द्रव्याचा, सच्छिद्र थर देतात. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहून थोडी अधिक. थराच्या वरून व खालून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना नाहीशा करतात आणि दोन-तीन टक्के प्रकाश जास्त आत शिरतो.

आता उष्णतेचे पाहू. काच कडक करताना बहुधा हा लेप ६०० अंशांहून अधिक तापलेल्या भट्टीतून जातो. मे महिन्याच्या दुपारी पॅनेल तापते ते ६५ अंशांच्या आसपास. तेव्हा निव्वळ उन्हाने लेप जळत नाही. भर उन्हात वीज अपेक्षेहून कमी मिळते हे खरे, पण तो दोष लेपाचा नव्हे. आतले सिलिकॉनचे सेल २५ अंशांवरील दर अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के शक्ती गमावतात. ६५ अंशांवर ही घट १२ ते १६ टक्के होते आणि पॅनेल निवले की भरून येते.

लेपाचे खरे वैरी दोन : उष्णतेबरोबरचा दमटपणा आणि घासणारा हात. पहिल्यासाठी प्रयोगशाळेत पॅनेल ८५ अंश उष्णता व ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास ठेवून पारखतात. दुसऱ्याची पारख आपल्या घरीच होते. कोरड्या फडक्याने, राखेने किंवा तारेच्या घासणीने घासून गेलेला लेप घरी पुन्हा चढवता येत नाही. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले तर ती तडकण्याचे भय असते. म्हणून पॅनेल सकाळी लवकर, भरपूर पाण्याने, मऊ फडक्याने धुवा. बोअरचे पाणी क्षाराचे असेल तर ते काचेवर वाळू देऊ नका.

परावर्तन टाळणारी काच १९३८ साली जगापुढे ठेवणाऱ्या कॅथरीन ब्लॉजेट या एक स्त्री होत्या. १९२६ साली केंब्रिजची भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. रांजणगाव आणि कुरकुंभची औद्योगिक वसाहत आपल्या उंबऱ्याशी आहे. पालकहो, दहावीनंतर मुलीने विज्ञान शाखा मागितली, तर तिला नाही म्हणू नका. घरच्या पॅनेलचा हा हिशेब उद्या तीच आपल्याला समजावून देईल.