वारीला एकटीनं जायचं तर

आज बचत, कर्ज, हप्ता यातलं काही बोलणार नाही. आज बोलायचंय एकटीनं वारीला जाण्याबद्दल.

आळंदी ते पंढरपूर हा सुमारे २५० किलोमीटरचा रस्ता. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर लाखो माणसं चालतात. मग तिथे एकटं कोण, असं तुम्ही म्हणाल. पण घरातलं कुणी नाही, गावातलं कुणी नाही आणि आपण पिशवी उचलून निघालो, तर ते एकटीचंच जाणं. पुरुष निघाला की गाव म्हणतं, 'वारीला चालला.' बाई निघाली की विचारतं, 'कुणाबरोबर?'

आमच्या एका गटातल्या ताईंना जायचं होतं. वय पंचेचाळीस. नवस नव्हता, काही मागणं नव्हतं. 'पाय धड आहेत तोवर एकदा चालायचंय,' एवढंच म्हणाल्या. मालक नाही म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, 'म्हशीचं काय?' सासूबाई म्हणाल्या, 'माझ्या गोळ्यांचं काय?' शिवाय वारी ज्येष्ठ-आषाढात, ऐन पेरणी-खुरपणीच्या दिवसांत.

संत सखूची गोष्ट आपल्याला पाठ आहे. सासरच्यांनी तिला बांधून ठेवलं. ती पंढरीला जावी म्हणून विठ्ठल स्वतः तिच्या जागी बांधून घेऊन उभा राहिला, घरची कामंही केली. म्हणजे सखूची अडचण देवालाही कळली होती. रस्ता अवघड नव्हताच, घरची जागा रिकामी ठेवणं अवघड होतं.

मग आम्ही बैठकीत ताईंची रोजची कामं फळ्यावर लिहून काढली. बावीस झाली. मालकांना बोलावून फळा दाखवला. ते बराच वेळ वाचत बसले. धार, चारा, पाणी त्यांनी घेतलं. सासूबाईंच्या गोळ्या थोरल्या मुलानं घेतल्या. खुरपणी आम्ही पैऱ्यानं केली, काही गावांत त्याला सावड म्हणतात. ताईंनी परत आल्यावर आमच्या रानात खुरपून तो पैरा फेडला. उपकार कुणाचे नाहीत.

एक गोष्ट मात्र पक्की ठरवली. लेकीची शाळा बुडवायची नाही. आईची कामं गुपचूप मुलीच्या गळ्यात पडली, तर एक बाई सुटली आणि दुसरी अडकली, एवढंच होईल.

आता जाण्याच्या तयारीचं सांगते.

दिंडीत आधीच नाव नोंदवा. मुक्काम, जेवण, सामानाचा ट्रक यांचे पैसे किती, ते विचारून भरा. दिंडीत बायका किती असतात, रात्री त्यांची झोपायची सोय कुठे असते, हेही विचारा. विचारायला लाजू नका.

दिंडीचा नंबर पाठ करा. पण नुसता नंबर पुरत नाही. रथापुढच्या दिंड्यांचे नंबर वेगळे, रथामागच्या दिंड्यांचे वेगळे. एकच नंबर दोन्हीकडे असू शकतो. म्हणून 'रथामागे, अमुक नंबर' असं पूर्ण सांगता आलं पाहिजे. ते आणि दिंडीप्रमुखांचा फोन नंबर कागदावर लिहून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कमरेच्या पिशवीत ठेवा. गर्दीत मोबाईलची बॅटरी संपते, कागद संपत नाही.

नवी चप्पल घालून निघू नका. महिनाभर आधी रोज चाला. पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यात मोठा, तीसेक किलोमीटर, त्यात दिवे घाटाची चढण. तो पार पडला की अंगात धीर येतो.

संडासाला जावं लागू नये म्हणून पुष्कळ बायका पाणीच पीत नाहीत. तसं करू नका, उन्हात चक्कर येते. वाटेवर फिरती शौचालयं असतात. पहाटे लवकर उठलं की रांग कमी असते. बीपी-शुगरच्या गोळ्या पूर्ण दिवसांच्या घ्या, पाळीचं सामान घ्या, मेणकापड घ्या. सोनं घरी ठेवा. पैसे दोन ठिकाणी ठेवा.

आणि मन सांगेल ते ऐका. कुणाचं वागणं खटकलं तर 'वारीत असं कसं बोलायचं' म्हणून गप्प बसू नका. शेजारच्या बाईला सांगा, दिंडीप्रमुखांना सांगा, पोलिसांना सांगा.

ताई सांगत होत्या, पहिले दोन दिवस त्यांना घरची बावीस कामं आठवत होती. पुढे एके दिवशी लोणंदच्या मुक्कामी ध्यानात आलं, सकाळपासून आपल्याला कुणी अमक्याची आई, तमक्याची सून म्हणून हाक मारलेली नाही. सगळे म्हणतात माउली. आपणही सगळ्यांना माउलीच म्हणतोय.

घरी आल्यावर बावीसपैकी सगळी कामं काही त्यांच्याकडे परत आली नाहीत. सासूबाईंच्या गोळ्या अजून मुलगाच देतो.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एकदा विचारून बघा, कुणाला जायचंय? हात वर झाला, तर आधी फळा आणि खडू घ्या आणि तिच्या घरच्यांनाही बोलवा. राम कृष्ण हरी.