अर्धा गुण

बुद्धिबळाच्या बातम्या आपण वाचतो त्या मोठ्या खेळाडूंच्या. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा घरोघरी तिचं कौतुक झालं. पण शनिवार-रविवारी एखाद्या मंगल कार्यालयात टेबलं जोडून ज्या स्पर्धा होतात, त्यांच्या निकालपत्रात तळाशी असलेल्यांविषयी कोण बोलणार? मी त्यांच्यातलाच एक. बँकेत रोखपाल, वय त्रेपन्न. २०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी मिळू लागली, तेव्हापासून माझी चांगलीच सोय झाली आहे.

गेल्या वर्षी अशाच एका जलद स्पर्धेसाठी सांगलीला गेलो होतो. भाऊसाहेब पडसलगीकरांनी बुद्धिबळ रुजवलं ते हे गाव. पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेती ठरलेली भाग्यश्री साठे-ठिपसे इथलीच. प्रत्येकाला पंधरा मिनिटं आणि दर चालीला दहा सेकंदांची भर. दोन दिवसांत आठ फेऱ्या.

या स्पर्धा स्विस पद्धतीनं होतात. १८९५ मध्ये झुरिकला ती पहिल्यांदा वापरली गेली. तिच्यात हरलेला बाहेर पडत नाही; पुढच्या फेरीत त्याला साधारण तेवढ्याच गुणांचा गडी मिळतो. पहिल्या फेरीत मात्र यादीचे दोन भाग करून वरच्या अर्ध्यातला खालच्या अर्ध्यातल्याशी खेळवतात, म्हणून माझ्यासारख्याची सुरुवात बहुधा पराभवानंच होते. त्याचं मला वाईट वाटत नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत पाणी आपापल्या पातळीला येतं आणि खरी मजा तिथून सुरू होते.

सातव्या फेरीत माझ्यासमोर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी आली. पाय जमिनीला टेकत नव्हते, पण चाली अशा ठाम की मीच खुर्चीत सावरून बसलो. दुसरा कुठला खेळ सांगा, ज्यात हे दोन गडी बरोबरीनं समोरासमोर बसतात!

डाव सरत सरत शेवटी दोघांकडे एकेक हत्ती आणि तिच्याकडे एक प्यादं जास्त, एवढंच उरलं. अशा वेळी बचाव कसा करायचा, हे फिलिडोर नावाच्या फ्रेंच माणसानं अठराव्या शतकात दाखवून ठेवलंय. हा गृहस्थ पेशानं संगीतकार! आपला राजा प्याद्याच्या वाटेत, अगदी शेवटच्या घरात ठेवायचा. हत्ती आपल्याकडून तिसऱ्या आडव्या रांगेत उभा करायचा, म्हणजे समोरच्या राजाला त्या रांगेत पाऊल टाकता येत नाही. आणि तिथं स्वस्थ राहायचं. प्यादं त्या रांगेत शिरलं की मगच हत्ती पार पलीकडे न्यायचा आणि मागून शह देत सुटायचं. प्याद्यानं पुढचं घर व्यापलेलं असतं, राजाला आडोसा उरत नाही.

तिनं बराच वेळ वाट पाहिली. मीही हत्ती त्याच रांगेत इकडून तिकडे हलवत राहिलो. शेवटी प्यादं पुढे आलं. माझा हत्ती मागे गेला. शह, शह, पुन्हा शह. तिनं मान वर केली, डोळे भरलेले होते. ‘बरोबरी?’ तिनं विचारलं आणि हात पुढे केला.

तिच्या वयोगटातलं बक्षीस त्या अर्ध्या गुणानं लांबलं, हे नंतर तिच्या वडिलांकडून कळलं. पालकांना आत सोडत नाहीत. ते दाराशीच उभे होते. ‘जिंकलेला डाव घालवलास,’ एवढंच म्हणाले. शेजारचे एक निवृत्त गुरुजी माझ्या कानाशी लागले, ‘सोडायचा होता की हो पोरीला अर्धा गुण. तुम्हाला काय करायचाय?’

मला ते पटलं नाही. मी मुद्दाम हरलो असतो तर तिनं अडीच तासांचा प्रवास करून यायचं कशाला? आणि तो अर्धा गुण मलाही हवा होता. पाच दिवस नोटा मोजणाऱ्या माणसाला स्वतःच्या डोक्यानं मिळवलेलं असं कितीसं मिळतं!

आठवी फेरी लागायला अवकाश होता. मी बाहेर भडंग खात बसलो होतो. ती घडीचा पट घेऊन आली, बाकावर अंथरला आणि चारच सोंगट्या आणि ते प्यादं बरोब्बर जागच्या जागी मांडलं. ‘काका, माझा राजा आधीच या रांगेत आला असता तर?’

‘मग मला अवघड गेलं असतं गं.’

‘दाखवा.’

दोन चाली झाल्यावर तिनं पट फिरवून घेतला. ‘आता तुम्ही प्यादं घ्या. मी वाचवते.’

आठव्या फेरीच्या जोड्या भिंतीवर लागल्या, तेव्हा आमचा तो डाव चालूच होता.