राष्ट्रपतिपदाचे मत आणि मतदाराचा हक्क

(वर्धा येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



राष्ट्रपतींची निवड जनता थेट करीत नाही. संसदेचे व विधानसभांचे निर्वाचित सदस्य करतात. त्यामुळे ही निवडणूक म्हणजे दिल्लीतील मामला, असा समज कार्यकर्त्यांतही रूढ झाला आहे. तो खरा नव्हे. महाराष्ट्रातील आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आहे. १९७१ च्या जनगणनेतील राज्याच्या ५ कोटी ४ लाख लोकसंख्येला २८८ ने व पुन्हा हजाराने भागून हा आकडा येतो. आर्वी, देवळी, हिंगणघाट व वर्धा या चार मतदारसंघांचे मिळून ७०० होतात. २०२२ मध्ये एका खासदाराच्या मताचे मूल्यही तेवढेच होते. हे मूल्य आमदाराच्या अंगचे नाही. ते जनतेच्या शिरगणतीतून आलेले आहे. पण ज्यांची गणती होते, त्यांना विचारले मात्र जात नाही.

२००७ साली हे ठळकपणे दिसले. प्रतिभाताई पाटील व भैरोसिंह शेखावत यांच्या लढतीत राज्यातील सत्ताधारी काँग्रेस व राष्ट्रवादी पाटील यांच्या बाजूने होते. भाजपची मित्र असलेल्या शिवसेनेनेही मराठी उमेदवार म्हणून त्यांनाच पाठिंबा दिला. पहिली महिला राष्ट्रपती महाराष्ट्राची झाली, याचा आनंद योग्यच होता. परंतु अस्मिता हेच कारण असते, तर २०१२ मध्ये त्याच पक्षाने मित्रपक्षाला सोडून प्रणव मुखर्जी यांना मते का दिली? २०२२ मध्ये यशवंत सिन्हा हे आघाडीचे उमेदवार असता उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेने द्रौपदी मुर्मू यांना पाठिंबा दिला. प्रत्येक निर्णयाचे समर्थन करता येईल. पण तो वरून जाहीर झाला, मतदारसंघात त्याची चर्चा झाली नाही.

वास्तविक या निवडणुकीत पक्षादेश बंधनकारक नाही, पक्षांतरबंदीचा कायदा लागू होत नाही आणि मतदान गुप्त असते. म्हणजे आमदाराला येथे खरीखुरी मोकळीक आहे. ‘पक्षाने सांगितले’ हे उत्तर त्याला शोभत नाही. गुप्त मतदान हे त्याला दडपणापासून दिलेले संरक्षण आहे. जनतेला उत्तर न देण्याची ती सवलत नव्हे.

राष्ट्रपतिपद केवळ शोभेचे आहे, असे म्हणणाऱ्यांनी २५ जून १९७५ ची रात्र आठवावी. आणीबाणीच्या घोषणेवर फखरुद्दीन अली अहमद यांची सही झाली तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकही झालेली नव्हती. त्या एका सहीने हजारो कार्यकर्त्यांचा तुरुंगवास सुरू झाला. अशा प्रसंगी हात आखडणारी व्यक्ती त्या पदावर असावी की नसावी, हा प्रश्न शेतकऱ्याचा व कामगाराचाही आहे.

मुर्मू यांची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. कापसाच्या भावाचा जाब आमदाराला विचारणाऱ्या वर्धा जिल्ह्याने यापुढे आणखी एक प्रश्न जाहीर सभेत विचारला पाहिजे: राष्ट्रपतिपदासाठी मत देताना तुमची कसोटी कोणती? मतपत्रिका दाखवू नका, कारण सांगा. ७०० मतांमागे उभ्या असलेल्या जनतेचा एवढा हक्क निश्चितच आहे.