जवांमर्द कोणास म्हणावें?
(महोत्सवप्रसंगीं तरुणांपुढें दिलेलें भाषण)



‘जवांमर्द’ हा शब्द आपण पोवाड्यांतून ऐकतों. तो फारशींतून आपल्याकडे आला. परंतु ज्या सूफी साधूंनीं त्याला थोरवी दिली, त्यांच्या मतें तरवारीशीं त्याचा फारसा संबंध नाहीं. अरबींत ‘फता’ म्हणजे तरुण पुरुष, त्यावरून ‘फुतुव्वत’. निशापूरच्या सुलमी नामक सूफीनें (मृत्यु 1021) या गुणावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. बांधवाचे दोष झांकावे, त्याची गरज आपल्या गरजेच्या आधीं पाहावी, उपकार करून ते विसरावे, ही ती शिकवण.

उझबेक लोक ज्याला आपला महाकवि मानतात, त्या हेरातच्या अलीशेर नवाईनें (1441–1501) आपल्या ‘हैरतुल अबरार’ काव्यांत दानशूर हातिमताईची कथा घातली आहे. तुझ्याहून थोर मनाचा कोणी पाहिलास काय, असें विचारतां हातिम एका मोळीवाल्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवितो. हातिमच्या मेजवानीस न जातां तो स्वकष्टाची भाकरी पसंत करतो. नवाई स्वतः श्रीमंत अमीर होता, हें ध्यानांत ठेवावें.

परंतु मला अधिक ओढ आहे ती खिव्याच्या पहलवान महमूदची. चौदाव्या शतकाच्या आरंभींचा हा मल्ल, कवि व सूफी कातड्याचे अंगरखे शिवून पोट भरी. आख्यायिका अशी कीं, तो हिंदुस्थानांत कुस्तीस आला असतां आदल्या रात्रीं एक माता रडत प्रार्थना करतांना त्यानें ऐकिली. तिचाच पुत्र उद्यांचा प्रतिस्पर्धी. तो हरला तर त्याच्या जिवावर बेतणार होतें. दुसरे दिवशीं अजिंक्य महमूद भर आखाड्यांत चीत झाला.

येथें एक शंका मी लपवीत नाहीं. मुद्दाम हरणें ही प्रेक्षकांची फसवणूक नव्हे काय? आपल्या धर्मांत असत्याला मुभा नाहीं. या प्रश्नाचा निकाल मला लावतां आलेला नाहीं. तरी ती प्रार्थना ऐकून जो स्वस्थ झोपला असता, त्याच्यापेक्षां हा मल्ल मला जवळचा वाटतो. संत इग्नेशियस लोयोलानें 1522 सालीं मोंसेरात येथें पवित्र मातेच्या वेदीपाशीं आपली तरवार ठेविली. महमूदपाशीं ठेवण्याजोगें एकच होतें, अजिंक्य हें नांव.

खिव्यांत निळ्या घुमटाखालीं त्याची कबर आहे. 1810 सालीं तेथील खानानें ती वास्तु नव्यानें बांधावयास घेतली. आणि पुढें खुद्द खानांचें दफन या अंगरखे शिवणाऱ्याच्या शेजारीं झालें.