फी माफ झाल्यानंतरचे चार महिने

चिखलदरा आणि धारणी तालुक्यांत, म्हणजे मेळघाटात, अकरावी-बारावीत शिकणाऱ्या मुलामुलींशी आणि त्यांच्या आईवडिलांशी आज बोलायचं आहे. घाटाखालून, परतवाडा-अंजनगावकडून कुणी ऐकत असेल, तर त्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. बारावीनंतर गाव सोडून शिकायला जायचं, तर पैसा कुठून येतो हे बहुतेकांनी थोडंफार ऐकलेलं असतं. तो कधी येतो, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आज मी मुख्यतः त्या ‘कधी’बद्दल बोलणार आहे.

शाळेत पालक येतात आणि विचारतात, "सर, फी तं माफ हाये म्हनते, मंग पैसे कायले लागते?" प्रश्न अगदी रास्त आहे. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. ही योजना आजची नाही. १९४४ साली ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झाली आणि पुढे आदिवासी विद्यार्थ्यांनाही लागू झाली. पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल, तर कॉलेजची फी भरली जाते आणि वर निर्वाहभत्ताही मिळतो. म्हणजे कागदावर मुलगा फुकट शिकतो.

पण माझ्या पाहण्यात मेळघाटातली मुलं कॉलेज सोडून परत येतात, ती फीमुळे क्वचितच. ती येतात पहिल्या चार महिन्यांत, आणि खोलीभाडं, मेस, बसभाडं यांच्यामुळे. प्रवेश होतो जुलै-ऑगस्टमध्ये. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तो त्यानंतर. तो कॉलेज तपासणार, मग विभाग तपासणार, आणि खात्यात पैसे पडेपर्यंत अनेकदा वर्ष निम्मं सरलेलं असतं. तोवर अमरावतीत राहायचं कशावर?

साधा हिशेब करू. चौघांनी खोली वाटून घेतली आणि एकाच्या वाट्याला दीड हजार भाडं आलं असं समजा. मेसचे तीन हजार, वरखर्च पाचशे. महिन्याचे पाच हजार झाले. चार महिन्यांचे वीस हजार. खोलीची अनामत, वह्या-पुस्तकं, गादी-पांघरूण, झेरॉक्स आणि फोटो धरले, की पंचवीस हजारांच्या घरात जातं. आणि हे महिने कोणते, तर जुलै ते ऑक्टोबर. मेळघाटात ज्या महिन्यांत घरात नगद पैसा सगळ्यांत कमी असतो, नेमके तेच. पेरणीला पैसा गेलेला असतो, पीक हाती आलेलं नसतं, पावसामुळे रोजगार हमीची कामं मंदावलेली असतात. घराची सगळ्यांत जास्त ओढाताण आणि मुलाची सगळ्यांत मोठी गरज एकाच पावसाळ्यात येतात. मग एक तर सावकार गाठावा लागतो, नाही तर मुलगा पिशवी उचलून परतवाड्याच्या बसमध्ये बसतो.

म्हणून पहिली विनंती आईवडिलांना. तुमच्याकडे पैसा येतो तो मोहफुलांच्या आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत, मार्च ते मे. मूल बारावीला असेल त्या उन्हाळ्यात त्यातला काही भाग वेगळ्या खात्यात ठेवा, आणि लग्नकार्य आलं तरी त्याला हात लावू नका. पंचवीस हजार नाही जमले तरी दहा जमतील. दहा हजारांत मूल ऑगस्ट-सप्टेंबर काढू शकतं.

आता वसतिगृहाकडे येतो. धारणीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयामार्फत आणि अमरावतीतही आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहं आहेत. जागा मिळाली तर राहण्याचा प्रश्न मिटतो. जागा मोजक्या, मागणारे जास्त. ज्यांना जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. तिच्यात जेवण, राहणं आणि शैक्षणिक साहित्य यांसाठी थेट विद्यार्थ्याच्या खात्यात रक्कम जमा होते. पुणे-नागपूरसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार, अमरावतीसारख्या महानगरपालिकेच्या शहरात ५१ हजार, आणि इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३ हजार. ५१ हजारांना बारांनी भागा. महिन्याला ४,२५० रुपये पडतात. काटकसरीनं भागेल एवढी ही रक्कम आहे, पण ती हप्त्यांनी येते आणि पहिला हप्ताही वाट पाहायला लावतो. अनुसूचित जातींच्या, उदाहरणार्थ आपल्याकडच्या बलई समाजाच्या, मुलांसाठी अशीच स्वाधार योजना आहे. वसतिगृहाचा अर्ज आधी भरा, कारण स्वयंमचं दार त्याच अर्जाच्या पुढे आहे.

पैसा वेळेवर पोहोचवण्याची दुसरी रीतही असते. इंग्लंडमध्ये बारावीच्या वयाची मुलं विद्यापीठात जातात, तेव्हा फीसाठी एक कर्ज असतं आणि राहण्या-खाण्यासाठी दुसरं. हे दुसरं कर्ज प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला मुलाच्या खात्यात जमा होतं. घरभाडं द्यायच्या दिवसांत पैसा हातात असतो. परतफेड सुरू होते ती पगार ठरावीक पातळीच्या वर गेल्यावर, आणि त्या पातळीच्या वर जेवढं मिळतं त्याच्या ९ टक्के. त्या व्यवस्थेतही खूप दोष आहेत, तिथली मुलं कर्जाच्या ओझ्याबद्दल बोलत असतात. पण पैसा गरजेच्या दिवशी पोहोचला पाहिजे, एवढी गोष्ट त्यांनी ओळखली आहे. आपल्या शिष्यवृत्त्या उदार आहेत, हे मी मनापासून म्हणतो. त्या वेळेवर आल्या, तर मेळघाटाचं चित्र बदलेल.

शिष्यवृत्ती लवकर सुटावी यासाठी आपल्या हातात जे आहे, ते म्हणजे कागद. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे.

सगळ्यांत जड कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. मुलं त्याला नुसतं ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात, पण राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश हवा, तर तो दाखला अमरावतीच्या तपासणी समितीकडून वैध ठरवून घ्यावा लागतो. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानं माधुरी पाटील प्रकरणात या तपासणीची रीत घालून दिली, आणि महाराष्ट्राचा त्यावरचा कायदा २००१ पासून अमलात आला. खोट्या दाखल्यांनी खऱ्या आदिवासींच्या जागा जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. त्याचा त्रास मात्र खऱ्या आदिवासी कोरकू मुलालाच होतो, कारण समितीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा हवा असतो आणि त्याचा आजा शाळेतच गेलेला नसतो.

मग काय करायचं? आजा शाळेत नसेल गेला, पण त्याच्या भावाचं नाव एखाद्या गावच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये असू शकतं. जन्म-मृत्यूच्या नोंदींचं जुनं कोतवाल बुक तहसीलच्या अभिलेख कक्षात असतं, त्याची नक्कल मागता येते. वडिलांना, काकाला, आत्याला किंवा चुलतभावाला वैधता मिळालेली असेल, तर वंशावळीच्या शपथपत्रासह ती जोडा, काम पुष्कळ सोपं होतं. अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत अकरावी-बारावीतच करता येतो. निकालानंतर अर्ज केला, तर प्रवेशफेऱ्या संपतात आणि फाइल समितीच्या टेबलावर राहते.

यात मेळघाटाची एक खास अडचण आहे. कागद गोळा करायला वडील घरी हवेत, आणि दिवाळीनंतर कित्येक घरं कामासाठी बाहेर पडलेली असतात. कुणी वीटभट्टीवर, कुणी हरभरा-गव्हाच्या सोंगणीला. पण होळीला सगळे परततात. कोरकूंचा तो सगळ्यांत मोठा सण आहे, त्या दिवसांत बाहेर कुणी राहत नाही. अकरावीच्या वर्षातली होळी कागदांसाठी धरा. फगव्याचे दिवस संपले, की बापलेकांनी आजाच्या गावी जाऊन वंशावळ लिहून काढावी, शपथपत्रावर सही करावी. शिक्षकांनाही माझी विनंती आहे, की वैधतेचं शिबिर जूनमध्ये घेण्यापेक्षा होळीनंतरच्या आठवड्यात घ्या.

दुसरी गोष्ट नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. कासदेकर, जांबेकर, मावस्कर, भिलावेकर ही आपली आडनावं इंग्रजीत लिहिताना एखादं अक्षर इकडचं तिकडे होतंच. महाडीबीटीला ते चालत नाही. दहावीची गुणपत्रिका प्रमाण माना आणि आधार तिच्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का, तेही बघा. वडिलांचा जुना नंबर बंद पडलेला असतो आणि ओटीपी कुठे जातो, कुणालाच कळत नाही.

तिसरी गोष्ट खात्याची. शिष्यवृत्तीच्या अर्जात तुम्ही बँकेचं पासबुक जोडलंत, म्हणून पैसा त्याच बँकेत येईल असं नाही. तो येतो तुमचा आधार शेवटी ज्या खात्याशी ‘सीड’ झाला, म्हणजे जोडला गेला, त्या खात्यात. शाळेत असताना एक खातं काढलेलं असतं, अमरावतीत गेल्यावर दुसरं काढलं जातं, आणि मूल एका पासबुकावर नोंद बघत बसतं, तर पैसा दुसरीकडे पडलेला असतो. एकच खातं ठेवा. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं खातंही चालतं. आणि अर्ज भरून झाला म्हणजे काम झालं असं समजू नका. तो कॉलेजच्या लॉगिनला पडून आहे, की पुढे गेला, की ‘सेंड बॅक’ होऊन तुमच्याकडेच परत आला, हे दर पंधरा दिवसांनी तपासा. कारकुनाला विचारायला लाजू नका.

अभ्यासक्रम कोणता घ्यावा, हे मी इथे सांगणार नाही, ते ज्यानं त्यानं आपल्या शिक्षकांशी बसून ठरवावं. एवढंच सांगतो, की अभियांत्रिकी, औषधनिर्माण, कृषी, नर्सिंग, विधी यांना सीईटी ही प्रवेशपरीक्षा लागते आणि तिची नोंदणी बारावीच्या परीक्षेच्या आधीच सुरू होते. नोंदणीच केली नसेल, तर चांगले गुण पडूनही अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं दार उघडत नाही. साध्या बी.ए., बी.एस्सी.ला सीईटी नाही. कला शाखेच्या मुलांनी केंद्रीय विद्यापीठांच्या सीयूईटी या प्रवेशपरीक्षेचाही विचार करावा. शेजारच्या मध्य प्रदेशात अमरकंटकला इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठ आहे, वर्ध्याला हिंदी विश्वविद्यालय आहे.

व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश मात्र केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, फेरीतूनच घ्या. संस्था स्तरावरची जागा ‘सोपी’ म्हणून घेतली, की सवलती जातात. २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटांतल्या मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आपल्या गवळी समाजाच्या मुलींना याचा उपयोग होईल. तोही कॅपमधून प्रवेश असेल तरच. आणि इथेही खोली-मेस त्यात धरलेली नाही.

कर्जाबद्दल थोडक्यात. शैक्षणिक कर्जाला चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, हप्ते अभ्यासक्रम संपून वर्षभरानं सुरू होतात. तोवर व्याज चढत राहतं, हे विसरू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना विनातारण, विनाजामीन आहे, पण ती देशातल्या निवडक दर्जेदार संस्थांपुरती. तुमचं कॉलेज त्या यादीत आहे का, हे आधी बघा. ज्याची फी शिष्यवृत्तीतून भरली जाते, त्यानं पहिल्याच वर्षी मोठं कर्ज काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहण्या-जेवण्याची ही अडचण जुनीच आहे. पापळच्या पंजाबराव देशमुखांना विलायतेला पाठवायला वडिलांनी शेत गहाण टाकलं होतं, असं सांगतात. परत आल्यावर त्यांनी अमरावतीत सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढलं. त्यांच्याच शिवाजी शिक्षण संस्थेचं कॉलेज पुढे आलं, छात्रालय आधी. खेड्यातल्या मुलाचं शिक्षण वर्गाच्या दाराशी अडत नाही, ते राहण्या-जेवण्यापाशी अडतं, हे त्यांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वी जाणलं होतं. आज त्यांच्या नावानं वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना आहे. खुल्या गटातल्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना ती मिळते. घाटाखालच्या श्रोत्यांनी तिची चौकशी जरूर करावी.

शेवटी एक सूचना मांडतो. आपल्या गावागावांत महिला बचत गट आहेत. गटानं दरवर्षी बाहेर शिकायला जाणाऱ्या एक-दोन मुलींना जुलैमध्ये दहा हजार रुपये बिनव्याजी द्यावेत आणि शिष्यवृत्ती किंवा स्वयंमचा हप्ता जमा झाला, की ते परत घ्यावेत. येणारा पैसा सरकारचा आहे, म्हणजे गटाची रक्कम बुडण्याचा धोका कमी. तेच दहा हजार पुढच्या जुलैत दुसऱ्या मुलीच्या कामी येतील. गावचे शिक्षक, अंगणवाडी ताई, ग्रामसेवक यांनी पाचपाचशे घातले, तरी असा निधी उभा राहतो. शिक्षकांनो, गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय ठेवा, आणि जाताना त्या मुलीचं आधार, पासबुक आणि वसतिगृहाच्या अर्जाची पावती बरोबर घेऊन जा, म्हणजे ठराव त्याच दिवशी लिहिता येईल.