वृद्ध-दिव्यांगांची सेवा : समाजाचा वाटा, शासनाचा वाटा



सुवर्ण महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आनंदाबरोबर एक चिंताही मी आपणापुढे मांडू इच्छितो. माझ्या मातोश्री अखेरची तीन वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना कुशीवर वळविणे, स्नान घालणे, घास भरविणे यासाठी आम्ही एक बाई ठेवू शकलो. आमच्या दुकानाचे एक जुने गिऱ्हाईक मात्र वृद्ध पित्यासाठी मजुरी सोडून घरी बसले. सेवा दोन्ही घरी झाली. पण त्यांच्या घरची चूल त्यापायी मंदावली.

शासन काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील गरीब वृद्धांना २०२३ पासून दरमहा १५०० रुपये मिळतात. ७० वर्षांवरील सर्वांना २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण आहे. परंतु १५०० रुपये म्हणजे दिवसाला ५० रुपये. त्यात दोन वेळचे अन्नही जेमतेम भागते. रुग्णालयातून घरी आलेल्या माणसाला वर्षानुवर्षे उठवावे-बसवावे लागते, त्याचा खर्च या दोन्ही योजनांत धरलेला नाही.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली, हे योग्यच झाले. पण मुलगाच रोजंदारीवर असेल तर? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात, अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. हा भत्ता घरोघर पोहोचावा आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांनाही लागू व्हावा, अशी आपली मागणी असावी. जर्मनीत १९९५ पासून सेवा-विम्याची योजना आहे; घरच्याच माणसांनी सेवा केली, तरी तीतून रोख मदत मिळते.

वैयावृत्त्याला आपल्या धर्मात आभ्यंतर तपाचे स्थान आहे. ते आपण करूच. दरेकसा परिसरातील वृद्धांचे व दिव्यांगांचे अर्ज भरून सालेकसा तहसील कार्यालयात पोहोचविण्याचे कार्य ट्रस्टने या वर्षी हाती घ्यावे. त्यासाठी आठवड्यातून एक दिवस मी स्वतः बसेन. मात्र आपल्या दानामुळे शासनाचे कर्तव्य संपत नाही. म्हणून भत्त्याच्या मागणीचे निवेदन आजच संमत करावे, अशी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!